रोज एकदा बेन नेव्हिस

डोंगरमाथ्यावर पोचल्यावर चारी दिशांना काय काय दिसेल याची मनाशी यादी करत मी चढत होतो. प्रत्यक्षात दिसले ते एक पडके घर. तेही दहा पावलांवर आल्यावर, कारण धुके इतके दाट होते की त्यापलीकडचे काहीच दिसत नव्हते. गुडघ्याएवढ्या दगडी भिंती, मध्ये साचलेले पाणी, आणि एका कोपऱ्यात जुन्या मनोऱ्याच्या अवशेषांवर उभारलेली, वादळात सापडलेल्यांसाठीची लहानशी खोपटी. एवढ्या उंचीवर, जिथे सप्टेंबरातही बोटे गारठून जातात, तिथे कोणी आणि कशासाठी घर बांधले असेल?

ही गोष्ट स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिसची. पीएच.डी.नंतरच्या कामासाठी मी त्या वेळी ब्रिटनमध्ये होतो. एक मोकळा दिवस मिळाला, बरोबर यायला कोणी नव्हते, म्हणून एकटाच निघालो. ब्रिटनमधला हा सर्वांत उंच डोंगर, उंची १,३४५ मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. त्यामुळे सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हा आकडा ऐकून थोडे हसू येते. पायथ्याच्या फोर्ट विल्यम गावात मी ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एक कागद पुढे केला आणि कोणत्या वाटेने जाणार, किती वाजता परत येणार, ते लिहून द्यायला सांगितले. त्या वेळेपर्यंत आला नाहीत तर पोलिसांना फोन करीन, असेही वर सांगितले.

त्यांचे बरोबर होते. कळसूबाईचा चढ सुरू होतो तोच समुद्रसपाटीपासून बऱ्याच उंचीवर. फोर्ट विल्यम समुद्राच्या खाडीला लागून आहे, म्हणजे बेन नेव्हिसला १,३४५ मीटरपैकी जवळजवळ प्रत्येक मीटर आपल्या पायांनी चढावा लागतो. शिवाय ठिकाण जवळपास ५७ अंश उत्तर अक्षांशावर. माथ्याच्या उत्तरेला सहाशे मीटरहून उंच कडे आहेत आणि माथा बहुतेक वेळा ढगात असतो. होकायंत्र न वापरता धुक्यात चालणारे लोक त्या कड्यावरून पडलेले आहेत.

परत येण्याची वेळ लिहायची कशी? त्यासाठी तिथले डोंगरयात्री एक साधे गणित वापरतात. १८९२ साली विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एका दिवसात तीन डोंगर केले. अंतर १० मैल, एकूण चढ ६,३०० फूट, वेळ साडेसहा तास. त्यावरून त्याने नियम सांगितला : नकाशावरच्या दर ३ मैलांना एक तास धरा आणि दर २,००० फूट चढाला आणखी एक तास मिळवा. त्याच्या स्वतःच्या आकड्यांवर हा नियम लावून पाहा. अंतराचे ३ तास २० मिनिटे, चढाचे ३ तास ९ मिनिटे, मिळून ६ तास २९ मिनिटे. सहावी-सातवीच्या मुलांना त्रैराशिक शिकवताना हे उदाहरण चांगले चालते आणि पुढच्या सहलीला ते तपासूनही पाहता येते. बेन नेव्हिससाठी वाट सुमारे ५ मैल आणि चढ ४,४०० फूट धरला, तर वर जायला ३ तास ५० मिनिटे लागतील. मला सव्वाचार तास लागले.

परतल्यावर त्या पडक्या घराची चौकशी सुरू केली. वाचत गेलो तसतसा त्यात गुंतत गेलो. ती एक वेधशाळा होती, हवामानाची. पण घर बांधले जाण्याआधी दोन वर्षे तिथे एक माणूस रोज सकाळी एकटा चढून जात होता. गोष्ट तिथून सांगायला हवी.

त्या माणसाचे नाव क्लेमंट रॅग. जन्म १८५२, इंग्लंडमध्ये. लहानपणीच आईवडील गेले, आजीने वाढवले. कायद्याचा अभ्यास सुरू केला आणि सोडला, जहाजावर काम केले, ऑस्ट्रेलियात जमीन मोजणीच्या खात्यात राहिला, परत आला. उंच, लालसर केसांचा, तापट आणि हट्टी. एका जागी न टिकणारा हा माणूस एकाच डोंगरावर इतक्यांदा चढेल असे कोणाला वाटले नसते.

तेव्हा स्कॉटिश हवामान संस्थेची एक जुनी इच्छा होती. संस्थेचे अध्यक्ष डेव्हिड मिल्न-होम यांनी १८७७ साली बेन नेव्हिसवर कायमची वेधशाळा असावी असे सुचवले होते. संस्थेचे सचिव थॉमस स्टीव्हन्सन यांनी तिचा आराखडाही केला. हे स्टीव्हन्सन म्हणजे दीपगृहे बांधणारे अभियंता आणि 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे वडील. शाळेच्या आवारात किंवा कृषी विद्यापीठात झडपांची पांढरी लाकडी पेटी पाहिली असेल, तिच्यात तापमापके ठेवतात. ती 'स्टीव्हन्सन पेटी' त्यांचीच. आराखडा तयार होता, पैसे मात्र नव्हते.

डोंगरावर वेधशाळा हवीच कशाला? आज हा प्रश्न पडतो, कारण वरच्या हवेतली माहिती फुगे आणि उपग्रह पाठवतात. १८८० च्या सुमारास हवामानाच्या बहुतेक नोंदी हवेच्या तळाशी बसून घेतल्या जात. समुद्राच्या तळावर राहणाऱ्या प्राण्याने लाटांचा अंदाज करावा तसा हा प्रकार. काही धाडसी लोक बलूनमधून वर गेले होते, पण ते तासा-दोन तासांचे काम. रोजच्या रोज वरची हवा मोजायची तर उंच आणि सुटा डोंगर हवा, आणि त्याच्या पायथ्याशी समुद्रसपाटीवर दुसरे ठाणे हवे. अटलांटिकवरून येणारी वादळे आधी धडकतात त्या किनाऱ्याजवळ हा डोंगर उभा आहे. इतकी सोयीची जागा युरोपात फार थोडी.

रॅगने संस्थेला कळवले की वेधशाळा होईपर्यंत मी रोज चढून जातो. १ जून १८८१ पासून त्याने सुरुवात केली. पहाटे पाच वाजण्यापूर्वी निघायचे, सकाळी नऊच्या सुमारास माथ्यावर पोचायचे, तासभर ठरलेल्या वेळांना हवेचा दाब, तापमान, आर्द्रता, वारा, ढग यांच्या नोंदी घ्यायच्या आणि दुपारी तीनपर्यंत खाली यायचे. जाता-येता वाटेत ठरावीक उंचीच्या जागांवर थांबून तिथलीही मापे घ्यायची. नेस्मिथचा नियम अजून जन्माला यायचा होता, पण रॅगची चाल त्याच्याशी बरीच जुळते. तीही वाट बांधलेली नसताना, दलदल तुडवत आणि मधेमधे मापे घेत. सोबतीला एक न्यूफाउंडलंड जातीचा कुत्रा.

मध्य ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे साडेचार महिने, हे चालले. खाडे वगळून सव्वाशे चढाया धरल्या तरी माणूस उभ्या रेषेत १६८ किलोमीटर चढला. समुद्रकिनाऱ्यापासून एव्हरेस्टच्या टोकापर्यंत एकोणीस वेळा जाण्याइतके हे होते. बहुतेक दिवस तो ओलाचिंब होऊन परतत असे. लोकांनी त्याच्या नावाची गंमत केली. इंग्रजीत 'क्लेमंट' म्हणजे सौम्य; याला ते 'इन्क्लेमंट' म्हणू लागले, म्हणजे वाईट हवेचा.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. रॅगची गोष्ट सांगणारे लोक ओले बूट, कुत्रा आणि टोपणनाव रंगवून सांगतात. पण वरचे एकटे माप कामाचे नसते. सकाळी नऊला माथ्यावर दाब इतका होता, एवढे कळून काय उपयोग? त्याच क्षणी खाली किती होता हे कळले, तरच मधल्या हवेविषयी काही बोलता येते. खालची ती मापे फोर्ट विल्यममध्ये रॅगची पत्नी लिओनोरा घेत असे. त्याच दिवशी, त्याच वेळांना, साडेचार महिने. घड्याळाकडे लक्ष ठेवून घरात अडकून राहण्याचे हे काम डोंगर चढण्याइतके दिसत नाही. पुढच्या वर्षी, १८८२ च्या मार्चमध्ये, संस्थेने सुवर्णपदक दिले ते रॅगला. त्याची मेहनत मी कमी लेखत नाही. पण तक्त्याला दोन स्तंभ असतात आणि दुसरा स्तंभ रिकामा असता तर पहिल्याची किंमत फारच उतरली असती.

दोन स्तंभांतून काय मिळते ते पुढच्या वर्षांतल्या नोंदींवरून सांगतो. बेन नेव्हिसच्या माथ्याचे वर्षाचे सरासरी तापमान शून्याच्या किंचित खाली आणि फोर्ट विल्यमचे आठ अंशांच्या थोडे वर. फरक साडेआठ अंशांच्या आसपास. १,३४५ मीटरला साडेआठ अंश, म्हणजे हजार मीटरला सव्वासहा ते साडेसहा अंश. 'उंच जावे तसे तापमान कमी होते' असे आपण भूगोलात शिकवतो आणि जो आकडा देतो, तो असल्या तक्त्यांतून येतो. सरासरीपेक्षा अपवाद जास्त गमतीचे. हिवाळ्यात हवा शांत असताना कधीकधी माथा पायथ्यापेक्षा उबदार असे. थंड हवा जड म्हणून दरीत साचते. नाशिक-निफाडकडचे द्राक्षबागायतदार हे पुस्तक न वाचता जाणतात. पावसाचा फरक तर थक्क करणारा आहे. माथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक, फोर्ट विल्यमला त्याच्या जेमतेम निम्मा, आणि दोन्ही ठिकाणांत सरळ अंतर काही किलोमीटरचेच. महाबळेश्वरला याहून जास्त पडतो, पण चार महिन्यांत आटोपतो. बेन नेव्हिसवर बारा महिने चालू.

पण या सगळ्या खटपटीमागे निव्वळ कुतूहल नव्हते. रॅगचा पहिला हंगाम संपत होता त्याच सुमारास, १४ ऑक्टोबर १८८१ रोजी, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर आयमाउथ आणि आसपासच्या बंदरांतले कोळी समुद्रात गेले. आधीचे कित्येक दिवस वाईट हवेने त्यांना घरी बसवले होते आणि घरात पैसा उरला नव्हता. बंदरावरच्या दाबमापकातला पारा फार खाली गेलेला होता. सकाळ मात्र शांत आणि स्वच्छ होती. त्यांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला. दुपारी वादळ आले आणि १८९ माणसे बुडाली. त्यांतली कित्येक बंदराच्या तोंडाशी, घरच्यांच्या डोळ्यांदेखत. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. दाब उतरला एवढे कळणे पुरत नाही. वादळ कधी येणार आणि किती मोठे, हे कळले पाहिजे. वरच्या हवेच्या नोंदींतून ते कळेल अशी त्या काळच्या शास्त्रज्ञांना आशा होती.

१८८२ मध्ये रॅगने पुन्हा एक हंगाम केला. आता लोकांनाही ही गोष्ट आपली वाटू लागली होती. वर्गणीतून सुमारे चार हजार पौंड जमले, राणी व्हिक्टोरियानेही त्यात रक्कम घातली. तट्टे जातील अशी वाट बांधली गेली. मी चढलो ती बहुतेक तीच. १७ ऑक्टोबर १८८३ रोजी वेधशाळा सुरू झाली. प्रमुखाच्या जागेसाठी रॅगने अर्ज केला होता. ती जागा रॉबर्ट ओमंड यांना मिळाली. ओमंड शांत, चिकाटीचे आणि चार लोकांबरोबर महिनोन् महिने एका खोलीत राहू शकतील असे होते. निवड चूक होती असे म्हणवत नाही. रॅगला मात्र ते लागले असणार. तो ऑस्ट्रेलियाला निघून गेला, तिथेही डोंगरावर वेधशाळा काढल्या, आणि वादळांना माणसांची नावे देण्याची पद्धत त्यानेच सुरू केली. त्याला न आवडणाऱ्या राजकारण्यांची नावेही त्याने वादळांना दिली. आज आपण चक्रीवादळांची नावे वर्तमानपत्रात वाचतो, त्या प्रथेच्या मुळाशी हा तापट गृहस्थ आहे.

वेधशाळेतला नियम एकच होता : दर तासाला नोंद. रात्री दोनला आणि पहाटे चारलासुद्धा. हिवाळ्यात दार बर्फाखाली जाई, म्हणून वर मनोरा बांधून त्यातून बाहेर पडण्याची सोय केली होती. वारा उभे राहू देत नसे तेव्हा निरीक्षक कमरेला दोर बांधून तापमापकाच्या पेटीपर्यंत जात. वाऱ्याचा वेग मोजायचे वाट्यांचे यंत्र हिवाळ्यात निकामी होई, कारण धुक्यातले अतिथंड थेंब त्यावर आपटून गोठत आणि तासाभरात यंत्राचा पांढरा गोळा होई. तेव्हा वाऱ्याचा जोर माणसाने उभे राहून, अंगावर घेऊन ठरवायचा. मी स्वतः प्रयोगशाळेत अशी यंत्रे वापरतो, जी रात्रभर आपोआप नोंदी करतात आणि मी घरी झोपतो. त्यामुळे रात्री दोनच्या नोंदीचा तो एक आकडा वाचताना मला संकोच वाटतो.

कायमचे निरीक्षक सुट्टीवर गेले की बदली माणसे लागत. १८९४ च्या सप्टेंबरमध्ये असाच एक बदली माणूस दोन आठवड्यांसाठी वर आला. वय पंचवीस, केंब्रिजमध्ये शिकलेला, बोलायला लाजणारा, एका स्कॉटिश मेंढपाळ शेतकऱ्याचा मुलगा. नाव चार्ल्स टॉमसन रीस विल्सन.

एके सकाळी सूर्य त्याच्या पाठीशी होता आणि समोर दरीत ढग भरलेला. त्या ढगावर डोंगरमाथ्याची आणि त्याची स्वतःची सावली पडली होती आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत वर्तुळे होती.

आपल्याकडच्या डोंगर भटक्यांनी ओळखले असेल. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसते ते इंद्रवज्र, तेच हे. ब्रिटिश अमलातल्या दख्खनच्या पाहणीवर असलेल्या कर्नल साइक्स या अधिकाऱ्याने हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून ते पाहिले होते, आणि १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दख्खनच्या हवामानावर त्याचा जो प्रबंध छापून आला त्यात त्याचे वर्णन केले होते. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी मागून ऊन पडले आणि पुढे दरीत ढग वर आला, तर आपली सावली त्या पडद्यावर पडते. पुष्कळ ठिकाणी याला 'गोल इंद्रधनुष्य' म्हटलेले आढळते. ते बरोबर नाही. इंद्रधनुष्य पावसाच्या मोठ्या थेंबांतून तयार होते आणि त्याची त्रिज्या सुमारे ४२ अंशांची असते. इंद्रवज्र ढगातल्या अतिसूक्ष्म थेंबांमुळे होते, त्याची वर्तुळे काही अंशांचीच असतात आणि ती नेमकी आपल्या डोक्याच्या सावलीभोवती पडतात. शेजारी मित्र उभा असेल तर तो स्वतःच्या डोक्याभोवती वर्तुळ पाहतो, तुमच्या नव्हे. मी विद्यार्थ्यांबरोबर कोकणकड्यावर उभा होतो तेव्हा यावरून जवळजवळ भांडण झाले होते. प्रत्येकाला वाटत होते की तेज आपल्याच डोक्याभोवती आहे. विमानाच्या खिडकीतून खालच्या ढगावर विमानाची सावली दिसली तर तिच्याभोवतीही हे दिसते.

विल्सनला हे रंग पाहून वाटले की असला ढग आपल्याला प्रयोगशाळेत करता आला पाहिजे. केंब्रिजला परतून १८९५ च्या सुरुवातीला त्याने काम सुरू केले.

ढग कसा होतो? दमट हवा एकदम प्रसरण पावली की थंड होते आणि तिच्यातले बाष्प थेंबांच्या रूपात बाहेर पडते. पण थेंब जमायला काहीतरी आधार लागतो. जॉन एटकिन या स्कॉटिश संशोधकाने आधीच दाखवले होते की हा आधार धुळीच्या कणांचा असतो. हा भाग वर्गात करून दाखवता येतो. प्लॅस्टिकच्या बाटलीत तळाशी थोडे कोमट पाणी घ्या, झाकण लावून हलवा, बाटली जोरात दाबा आणि एकदम सोडा. फारसे काही दिसणार नाही. आता उदबत्तीचा थोडा धूर आत जाऊ द्या, झाकण लावा आणि पुन्हा दाबून सोडा. सोडताक्षणी बाटलीत पांढरा ढग भरतो, दाबला की नाहीसा होतो.

विल्सनने याच्या उलट केले. हवेतली सगळी धूळ काढून टाकली. पुन्हा पुन्हा ढग करून खाली बसवला की धूळ थेंबांबरोबर खाली जाते. आता ढग व्हायला नको होता. बेताचे प्रसरण असेपर्यंत होतही नव्हता. पण हवेचे आकारमान एकदम सव्वापट केले की मूठभर थेंब दिसू लागत, बारीक पावसासारखे. हाच प्रयोग कितीही वेळा करा, थेंब तेवढेच. धूळ असती तर ती संपली असती. म्हणजे स्वच्छ हवेतही थेंबाला आधार देणारे काहीतरी सतत नव्याने तयार होत होते.

१८९५ च्या अखेरीस क्ष-किरणांचा शोध लागला. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीलाच विल्सनने आपल्या उपकरणावर क्ष-किरण सोडले आणि मूठभर थेंबांच्या जागी दाट धुके झाले. आधार होता तो विद्युतभारित कणांचा, आयनांचा. अदृश्य आयन थेंबाच्या रूपाने दिसू लागला. पुढची पायरी आज सोपी वाटते. तिला पंधरा वर्षे लागली. वेगाने जाणारा एकटा कण वाटेत आयन मागे सोडत जाईल, त्या वाटेवर थेंब जमतील आणि त्याचा मार्ग रेघेसारखा दिसेल. उंचावरून जाणाऱ्या विमानामागे पांढरी रेघ उमटते तसा. १९११ साली विल्सनने अशा रेघा पाहिल्या आणि त्यांचे फोटो काढले. अल्फा कणांच्या सरळ, जाड रेघा आणि बीटा कणांच्या बारीक, वाकड्यातिकड्या. हेच क्लाउड चेंबर. मराठीत मेघपेटी म्हणूया. १९२७ साली त्याला कॉम्प्टनबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. १९३२ साली अँडरसनला पॉझिट्रॉन सापडला तो अशाच पेटीत. नोबेल भाषणाची सुरुवात करताना विल्सनने बेन नेव्हिसवरचे ते दोन आठवडे आणि सावलीभोवतीची वर्तुळे यांचा उल्लेख केला आहे.

स्वच्छ हवेत आयन कुठून येतात, हा त्याचा मूळ प्रश्न मात्र मागे राहिलाच होता. ते घडवणारे किरण पृथ्वीबाहेरून येत असतील का, असे विल्सनच्या मनात आले होते. १९०१ साली तो रात्री स्कॉटलंडमधल्या एका रेल्वेच्या बोगद्यात उपकरण घेऊन गेला. डोक्यावर एवढा खडक असताना बाहेरून येणारे किरण अडतील आणि आयन कमी होतील, असा हिशेब. फरक दिसला नाही. त्याने कल्पना सोडून दिली. अकरा वर्षांनी व्हिक्टर हेस बलूनमधून पाच हजार मीटरवर गेला तेव्हा आयन वाढलेले दिसले आणि विश्वकिरणांचा शोध लागला. डोंगरावरचा माणूस या वेळी खाली गेला, आणि शोध वर होता.

शाळेच्या पुस्तकांत मेघपेटीची गोष्ट विल्सनपासून सुरू होते. ती रॅगच्या ओल्या बुटांपासून आणि लिओनोराच्या घड्याळापासून सुरू करावी असे मला वाटते. ते दोघे नसते तर वर्गणी जमली नसती, घर झाले नसते, आणि घर नसते तर बदली माणसाची गरजही पडली नसती. याला योगायोग म्हणण्याची पद्धत आहे. अर्धाच योगायोग. डोंगरावर इंद्रवज्र पाहणारे पुष्कळ असतात, पण हाती काम असल्यामुळे दोन आठवडे तिथे मुक्काम करणारे थोडे.

ज्या कामासाठी वेधशाळा बांधली ते कितपत साधले? प्रामाणिकपणे सांगायचे तर फारसे नाही. संस्थेचे अलेक्झांडर बुकन यांनी वर्षानुवर्षे त्या आकड्यांवर डोके घातले. डोंगराच्या नोंदींमुळे वादळाचे अंदाज ठळकपणे सुधारले असे दाखवता आले नाही. त्यात भर म्हणजे उपकरणे घेऊन जाणारे फुगे आले. डोंगरमाथ्यावरची हवा ही त्याच उंचीवरच्या मोकळ्या हवेसारखी नसते, डोंगर स्वतःच तिला ढवळतो, हे स्पष्ट होऊ लागले. सरकारकडून मिळणारी मदत खर्चाच्या मानाने फारच अपुरी होती. १९०४ च्या शरदात वेधशाळा बंद झाली. जवळपास एकवीस वर्षे, दर तासाला, म्हणजे एकेका उपकरणाची पावणेदोन लाखांहून अधिक मापे. ती छापील खंडांत गेली आणि खंड कपाटांत गेले. छप्पर गेले, भिंती ढासळल्या.

२०१७ साली रेडिंग विद्यापीठातल्या हवामानशास्त्रज्ञांनी ते खंड बाहेर काढले. छापील तक्त्यांची चित्रे संगणकावर ठेवून त्यांनी लोकांना आवाहन केले की हे आकडे आम्हाला टंकून द्या. हजारो स्वयंसेवकांनी घरी बसून दहा लाखांहून अधिक नोंदी काही आठवड्यांत उतरवल्या. एका आकड्याची खात्री व्हावी म्हणून तो अनेकांकडून टंकून घेतला जाई. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या वादळांची हवा संगणकाच्या प्रतिकृतीत पुन्हा उभी करायची तर त्या काळातले, समुद्रसपाटीच्या वरचे, न चुकता घेतलेले आकडे हवे असतात, आणि असे आकडे जगात फार थोडे आहेत. हवामान बदलते आहे ते किती, हे विचारणाऱ्याला आधी कसे होते ते माहीत असावे लागते.

मी माथ्यावर वीस मिनिटे थांबलो. धुके हटले नाही. होकायंत्र हातात धरून, दगडांच्या ढिगाऱ्यांच्या खुणा पाहत उतरलो. ढगाच्या खाली आलो तेव्हा खाडी दिसली आणि तिच्या काठाने घरांची रांग. लिओनोरा यांपैकी कोणत्या बाजूला राहत होती कोण जाणे. घरी पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. बाईंनी दारामागे टाचलेला माझा कागद काढला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, कागदावरच्या वेळेपुढे पेन्सिलीने खरी वेळ लिहिली आणि तो एका खोक्यात ठेवला. खोक्यात तसले पुष्कळ कागद होते.